स्मार्ट चावी, अडकलेलं स्टेअरिंग लॉक आणि अक्कलकोट रोडचे वायरमन अण्णा

आधी मुद्द्याचं सांगते. ज्या कामाला कंपनीच्या वर्कशॉपनं 41 हजार सांगितले होते ते अण्णांनी 2,050 रुपयांत केलं, एकही महागडा पार्ट बदलला नाही, आणि आज अडीच महिने झाले स्टेअरिंग एकदाही अडकलं नाही. नुसता आकडा सांगून उपयोग नाही म्हणून सविस्तर लिहिते, कारण पुश बटनच्या गाड्या आता सोलापुरात गल्लोगल्ली दिसतात आणि हा त्रास सुरू झाला की माणूस खरंच रस्त्यावर येतो, आत बसता येतं पण गाडी सुरू होत नाही, टोचन करावी म्हणलं तर स्टेअरिंगच वळत नाही.

गाडी सेडान आहे, 2014 चं मॉडेल, 2020 ला सेकंडहँड घेतली. माझ्या नावावर आहे आणि मीच चालवते. शाळेला मी स्कूटीवर जाते त्यामुळं गाडी आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा निघते, गुरुवारी आईला अक्कलकोटला न्यायचं आणि रविवारी काही काम असलं तर. बाकी दिवस जुळे सोलापुरात घरासमोर उभी. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. घेतली तेव्हा मालकानं एकच चावी दिली होती, दुसरी हरवली म्हणाले, मीही तेव्हा फार मनावर घेतलं नाही.

मार्चमध्ये डॅशबोर्डवर चावी सापडत नाही असा मेसेज यायला लागला. चावी पर्समध्ये, पर्स मांडीवर, आणि गाडी म्हणते चावी नाही. एका दुकानात चावीचा सेल बदलून घेतला, पाच मिनिटांचं काम, दोन दिवस बरं चाललं आणि परत तेच सुरू, कधी दरवाजा उघडतो कधी नाही, चावी हातावर आपटली की चालते. मला वाटलं चावीच जुनी झाली, चालतंय तोवर चालवू.

मग एप्रिलमधला तो गुरुवार. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, म्हणून दुपारी आईला घेऊन निघाले. दर्शन झालं, प्रसाद झाला, दोन तासांनी पार्किंगमध्ये आलो तर गाडी भट्टीसारखी तापलेली, आणि ब्रेक दाबून बटन दाबलं तर कॉलमच्या (स्टेअरिंगच्या दांड्याच्या) खालून फक्त टिक असा बारीक आवाज, चावीचा पिवळा दिवा लुकलुकतोय, स्टेअरिंग घट्ट. एसी नाही, काच खाली होत नाही, काही नाही. आईचे गुडघे दुखतात, तिला उभं राहता येत नाही, शेवटी एका नारळवाल्या मावशींनी तिला त्यांच्या छत्रीखाली स्टूल दिलं. मी चावी बटनाला टेकवून बघितली, दार लॉक अनलॉक करून बघितलं, अर्धा तास गेला. पार्किंगचा एक पोरगा आला, म्हणाला ताई तुम्ही बटन दाबत राहा, आणि त्यानं उघड्या दारातून हात घालून स्टेअरिंग डावीकडं उजवीकडं जोरात हलवलं आणि खट्‌ करून लॉक निघालं. सोलापूरला येईपर्यंत मी गाडी कुठंही बंद केली नाही. आई पूर्ण रस्ता गप्प होती, तिला वाटत होतं की तिच्यामुळं हे झालं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वर्कशॉपला नेली. तिथं गाडी नेमकी एका बटनात सुरू झाली. स्कॅनर लावला, स्टेअरिंग लॉकच्या बिघाडाचा कोड आला, कागद हातात दिला: कॉलमसकट लॉक असेंब्ली, दोन नव्या चाव्या, प्रोग्रॅमिंग, मजुरी, एकूण 41 हजार आणि पार्ट यायला तीन आठवडे. मी विचारलं लॉकच खराब आहे हे कशावरून, तर म्हणाले कोड आलाय ना म्याडम. माझा भाऊ सोबत होता, सगळं त्याच्याकडं बघूनच बोलत होते, प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर त्याला. मग बॅटरीच्या एका दुकानात गेले, त्यांनी लोड टेस्टर (बॅटरीवर ताण देऊन तपासायचं यंत्र) लावून सांगितलं बॅटरी गेली, नवीन टाका, 5,800. बॅटरीला तेव्हा दीड वर्षच झालं होतं. ते पण मी केलं नाही, कारण एकजण म्हणतो लॉक, एकजण म्हणतो बॅटरी, आणि कशामुळं असं वाटतंय ते कुणीच सांगत नव्हतं.

अण्णांचं नाव शाळेतल्या एका सरांनी सुचवलं. अक्कलकोट रोडच्या बाजूला आत एका बोळात त्यांचं छोटं शेड आहे, नावाची पाटी अशी नाही, गाडीचे वायरमन अण्णा म्हणून विचारलं की सांगतात. साठीच्या आसपासचे आहेत, घरची भाषा तेलुगू, पोरांशी तेलुगूत, आपल्याशी मराठीत, आणि आधी यंत्रमागाच्या मोटारी रिवाइंडिंग करायचे, तिथून गाड्यांच्या वायरिंगमध्ये आले. हे मुद्दाम सांगते कारण त्यांच्या कामात ते दिसतं, मोटार का फिरत नाही हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडवलाय.

फोन केला तेव्हा गाडी घेऊन या असं म्हणालेच नाहीत. आधी प्रश्न. बटन दाबल्यावर कॉलममधून आवाज येतो का? येतो तर एकदाच टिक येतो का खर्र असा मोटारीचा येतो? दिवा कुठल्या रंगाचा? त्या वेळी हॅंडलच्या बटनानं दार उघडलं होतं का? ब्रेक दाबल्यावर मागचे ब्रेक लाइट लागतात का, कुणाला तरी मागं उभं करून बघा. गाडी किती दिवस उभी होती? पुढचं चाक कशाला टेकलं होतं का? हा शेवटचा प्रश्न ऐकून मी थांबले, कारण अक्कलकोटला पार्किंगमध्ये मी पुढचं चाक दगडाला टेकवूनच गाडी लावली होती आणि स्टेअरिंग पण पूर्ण वळवलेलं होतं. मग म्हणाले, शनिवारी संध्याकाळी गाडी आणून सोडा, बॅटरी चार्ज करू नका, आहे तशी आणा, मला सकाळी थंड गाडी बघायची आहे.

रविवारी सकाळी मी तिथंच बसून राहिले. भावाला मुद्दाम आणलं नाही. अण्णा मला प्रत्येक गोष्ट दाखवत होते, मीटरचा आकडा वाचायला लावत होते, आणि मी मध्येच काही विचारलं की "थांबा ताई, आधी हे बघा" म्हणायचे.

त्यांनी पहिल्यांदा जे समजावलं तेच मला सगळ्यात कामाचं वाटलं. बटन दाबल्यावर गाडी सुरू होण्याआधी काय काय घडतं ते असं. गाडीतल्या अँटेना चावीला हळू आवाजात हाक मारतात, ती 125 किलोहर्ट्झच्या आसपासची, जेमतेम मीटरभर पोचते. चावी ती ऐकते आणि तिच्या सेलच्या जोरावर ओ देते, ती आपल्याकडं बहुतेक 433 मेगाहर्ट्झवर. गाडीचा कंट्रोलर कोड जुळवून बघतो, आपलीच चावी आहे हे पटलं की स्टेअरिंग लॉकला सांगतो उघड. लॉकमध्ये छोटी मोटार असते, ती गिअर फिरवून पिन मागं ओढते, पिन पूर्ण मागं आली की आतला बारीक स्विच कंट्रोलरला कळवतो झालं म्हणून, आणि ते उत्तर आल्यावरच इग्निशन ऑन होतं, मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटार. पिन अर्धवट अडकली असताना गाडी सुरू झाली आणि वळणावर लॉक पडलं तर काय होईल, म्हणून हे उत्तर आल्याशिवाय गाडी पुढं जातच नाही. म्हणजे गाडी सुरू होत नाही ही एकच तक्रार दिसते पण जागा तीन आहेत: चावी ओळखली नाही, चावी ओळखली पण लॉक निघालं नाही, किंवा दोन्ही झालं आणि सेल्फच मारला नाही. तिन्हींचा इलाज वेगळा. आणि माझ्या गाडीत पहिल्या दोन जागांना एकाच वेळी त्रास होता म्हणून कुणालाच पत्ता लागत नव्हता.

चावीपासून सुरुवात केली. चावी उघडली आणि सेल काढून माझ्या हातात दिला, वाचा म्हणाले. सीआर 2025. चावीच्या आत प्लास्टिकवर लिहिलेलं होतं सीआर 2032. दोन्ही 3 व्होल्टचेच, दोन्हींचा गोल 20 मिलिमीटरचा, पण 2032 ची जाडी 3.2 मिलिमीटर आणि 2025 ची 2.5, त्या नंबरमध्येच माप लिहिलेलं असतं. म्हणजे सेल 0.7 मिलिमीटर पातळ बसवला होता, वरची पत्ती नीट टेकत नव्हती, म्हणून हातावर आपटली की चालायची. योग्य सेल घातला, मीटरवर 3.2 व्होल्ट आले, पत्ती किंचित उचलली, आणि चावी सापडत नाही हा मेसेज तिथंच संपला. सेलचे 50 रुपये. एवढ्यासाठी वर्कशॉपवाले दोन नव्या चाव्या लावणार होते.

चावीत अजून एक चिप असते तिला सेल लागतच नाही, हे पण मला तिथंच नीट कळलं. सेल पूर्ण मेला तरी चावी स्टार्ट बटनाला टेकवून धरली की बटनाजवळच्या कॉइलमधून त्या चिपला पॉवर मिळते आणि गाडी चावी ओळखते (काही गाड्यांत ही जागा बटनाजवळ नसते, मॅन्युअलमध्ये बघून ठेवा), आणि दार उघडायला चावीच्या पोटात लोखंडी चावी असतेच. अक्कलकोटला मी चावी बटनाला टेकवली होती तरी गाडी सुरू झाली नव्हती, अण्णा म्हणाले तिथंच समजलं की त्या दिवशीचा रोग चावीचा नव्हता, लॉकच्या बाजूचा होता. एवढी एक गोष्ट कुणी विचारली असती तर बरंच काम वाचलं असतं.

मग बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी 12.1 व्होल्ट दाखवत होती. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 च्या आसपास पाहिजे, 12.1 म्हणजे साधारण अर्धी. अण्णा म्हणाले अर्ध्या चार्जवर लोड टेस्टर लावला तर चांगली बॅटरीही नापास होणार, आधी पूर्ण चार्ज करायची, मग टेस्ट करायची. आणि त्याआधी ती अर्धी का झाली ते शोधायचं. त्यासाठी त्यांनी बॅटरीच्या वायरमध्ये मीटर जोडलं, स्क्रूड्रायव्हरनं दाराचं लॅच दाबून गाडीला दार बंद आहे असं भासवलं, चावी लांब शेडच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला लावली कारण चावी जवळ असली की काही गाड्या झोपतच नाहीत, म्हणजे आतली यंत्रं बंद होत नाहीत, आणि अर्धा तास कुणी गाडीला हात लावायचा नाही. गाडी झोपल्यावर बॅटरीतून जाणारा करंट 50 मिलिअँपिअरच्या आत यायला पाहिजे. माझ्या गाडीत 310. एकेक फ्युज काढत गेले तेव्हा स्टिरिओचा फ्युज काढल्यावर एकदम 30 वर आलं. आधीच्या मालकानं मोठ्या स्क्रीनचा स्टिरिओ लावून घेतलेला, त्याची इग्निशनची वायर डायरेक्ट बॅटरीच्या लाइनला जोडलेली, म्हणजे स्क्रीन बंद दिसायची पण आत ते यंत्र चोवीस तास जागं. त्यांनी बिलाच्या पाठीमागं गणित मांडून दाखवलं: 310 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला साडेसात अँपिअर अवर, बॅटरी 45 ची, तीन दिवस उभी राहिली की अर्धी संपली. रोज चालणाऱ्या गाडीत हे कधी कळलंच नसतं. माझी गाडी बुधवारपर्यंत घरासमोर उभी आणि गुरुवारी अक्कलकोटपर्यंतच्या चाळीस किलोमीटरमध्ये ती काही पूर्ण भरत नाही.

स्टिरिओची वायर सुधारली, बॅटरी चार्जिंगला लावली, आणि मला वाटलं झालं. पण ते म्हणाले, 12.1 वर लॉकची मोटार अडायला नको, 12.1 वर सेल्फ जड जाईल, लॉक नाही, अजून काहीतरी आहे. इथं दुसरा कुणी थांबला असता. त्यांनी कॉलमच्या खालचं कव्हर काढलं, लॉकच्या कपलरवर (वायर जोडायच्या सॉकेटवर) मागून पिन टोचून मीटरची एक वायर लॉकच्या अर्थला (मायनसच्या वायरला) लावली आणि दुसरी लांब वायर थेट बॅटरीच्या मायनसला, आणि मला म्हणाले बटन दाबा. दोन्हीकडं अर्थच आहे म्हणजे मीटरनं जवळजवळ शून्य दाखवायला पाहिजे. दाखवलं 1.6. परत दाबलं, परत 1.6. म्हणजे बॅटरीतून 12 निघतात पण दीड व्होल्ट अर्थच्या वाटेवरच खर्च होतात, मोटारीला मिळतात दहा साडेदहा, त्यात ऊन, त्यात दगडाला टेकलेल्या चाकामुळं पिनवर दाब, ती कशी ओढणार.

अर्थचा तो बोल्ट निघाला पुढच्या प्रवाशाच्या पायाजवळ, आतल्या बाजूच्या पत्र्यावर. कारपेट उचललं तर खालचा फोम ओला. बोल्टवर पांढरा हिरवा थर, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) काळी पडलेली. एप्रिलमध्ये सोलापुरात पाऊस नाही काही नाही आणि गाडीत पाणी कुठून, तर एसीचं पाणी खाली सोडणारी नळी मातीनं तुंबली होती, ते पाणी उलटं आत कारपेटखाली झिरपत होतं, किती महिने कोण जाणे. एसी आपल्याकडं मार्चपासून फुल असतो. मला आठवलं की गेल्या वर्षीपासून गाडीत कुबट वास यायचा आणि मी अत्तराच्या बाटल्या आणून लावत होते.

नळीत हवा मारून मोकळी केली, थिंबल नवीन दाबली, पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत केला, बोल्ट घट्ट करून वरून ग्रीस लावलं, कारपेट उन्हात टाकलं. परत मीटर लावून बटन दाबायला सांगितलं. 0.05. आणि लॉकचा आवाज बदलला, आधी ओढून ताणून टिक यायचा, आता खट्‌ असा एका दमात. तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी सात आठ वेळा बटन दाबलं आणि अण्णांनी दाबू दिलं. नंतर पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीवर लोड टेस्टर लावला, पास. सुरू गाडीत 14.2, म्हणजे चालू गाडीत बॅटरी भरणारा अल्टरनेटर पण ठीक. बॅटरीवर खर्च शून्य.

वर्कशॉपला आलेल्या कोडबद्दल मी विचारलं. ते म्हणाले कोड खोटा नव्हता, लॉक वेळेत उघडलं नाही एवढंच कोड सांगतो, का उघडलं नाही ते माणसानं शोधायचं असतं. आणि लॉकला त्यांनी हात लावला नाही हे पण सांगते. लॉक ज्या बोल्टांनी बसवलेलं असतं ते मुद्दाम असे असतात की आवळताना त्यांचं डोकं तुटून जातं, चोराला पान्यानं काढता येऊ नये म्हणून, त्यामुळं ते काढायचं म्हणजे ड्रिल मारून काढायचं, आणि नवीन लॉक बसवलं की कंट्रोलरशी स्कॅनरनं जुळवून द्यावं लागतं, नुसता कपलर जोडून चालत नाही. उगाच काढायची वस्तू नाही ती. पण खोटी ग्वाही पण दिली नाही, म्हणाले लॉक दहा वर्षांच्या वर जुनं आहे, आतल्या मोटारीचे ब्रश कधीतरी झिजणारच, ज्या दिवशी बॅटरी चांगली असूनही दोन दोनदा बटन दाबावं लागेल त्या दिवशी या, मग बदलू.

भावाच्या एका मित्रानं लॉक कायमचं बायपास करून टाका म्हणून सुचवलं होतं, ते मी अण्णांना सांगितलं तर त्यांनी सरळ नाही म्हणलं. लॉकची पॉवर गाडी चालू असताना कंट्रोलर तोडून ठेवतो म्हणून चालत्या गाडीत ते पडत नाही, त्या वायरींत कुणी डायरेक्ट जोडाजोड केली की ते संरक्षण गेलं. असली कामं ते घेतच नाहीत. मला हे फार आवडलं कारण त्या दिवशी मी इतकी कंटाळले होते की कुणी केलं असतं तर मी करून घेतलं असतं.

दुसरी चावी बनवायची का विचारलं, तर आरसी आणि आधार बघितल्याशिवाय चावीचं काम करत नाही म्हणाले, मालकाच्या बहिणीला पण नाही. आणि करायची तेव्हा जुनी चावी सोबत आणायची, कारण बऱ्याच गाड्यांत नवीन चावी शिकवताना समोर नसलेल्या चाव्या पुसल्या जातात. म्हणजे हरवलेली ती जुनी चावी पण बाद होईल, हा मला फायदाच वाटला, कुणाच्या हाताला लागली असेल काय माहीत. सेकंडहँड घेणाऱ्यांनो, दोन चाव्या मागून घ्या, गाडी चोरीला गेली तर विमावाले क्लेमच्या वेळी दोन्ही चाव्या मागतात, तेव्हा कुठून आणणार.

जूनमध्ये एकदा परत चावी सापडत नाही आलं. माझ्या पोटात गोळाच आला. फोन केला, चौथ्यांदा उचलला, पहिला प्रश्न: चार्जर कुठला लावलाय? मुलानं स्वस्तातला मोबाईल चार्जर सॉकेटमध्ये लावला होता आणि चावी मी मोबाईलला चिकटून पर्सच्या त्याच कप्प्यात ठेवलेली. चार्जर काढा, चावी वेगळी ठेवा, झालं. गाडी लगेच सुरू झाली. त्याचे पैसे घेतले नाहीत. असल्या चार्जरमधून फालतू लहरी निघतात आणि चावीची हाक त्यात दबते असं त्यांनी सांगितलं, तो चार्जर मी फेकून दिला आणि त्यानंतर काही नाही.

हिशोब असा: तपासणी 400, सेल 50, कारपेट काढून अर्थचं काम 900, स्टिरिओची वायर 500, एसीची नळी 200. तपासणीचे 400 काम त्यांच्याकडं नाही केलं तरी द्यावे लागतात, हे आधीच सांगतात. काही लोक तिथं यावरून वाद घालताना मी बघितले. मला विचाराल तर ते 400 सगळ्यात योग्य ठिकाणी गेलेले पैसे आहेत, सकाळी साडेनऊपासून त्यांनी जे डोकं लावलं तेच तर काम होतं, बोल्ट घासायला दहा मिनिटं लागली.

आता खटकलेल्या गोष्टी. दुपारी देतो म्हणाले आणि गाडी मिळाली संध्याकाळी साडेपाचला, कारण मध्ये एक रुग्णवाहिका आली आणि तिचं काम आधी घेतलं. ते बरोबरच केलं, पण फोन करून सांगितलं असतं तर मी जेवायला घरी जाऊन आले असते. बसायला एक लाकडी बाकडं, पत्र्याखाली, मे महिन्यात तिथं थांबणं कठीण. बाईमाणसाला टॉयलेटची सोय नाही, ही खरंच अडचण आहे आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं, त्यांनी पण मान्य केलं. बिल साध्या कागदावर हातानं लिहून देतात, विमा किंवा ऑफिसमधून पैसे घ्यायचे असतील तर आधी बोलून घ्या. पोरानं ड्रायव्हर सीटवर ग्रीसचा हात लावला होता, तो डाग रॉकेलनं काढून दिला पण सीट कव्हर टाकून न्या. फोन उचलत नाहीत म्हणून सगळे ओरडतात, सकाळी नऊच्या आत लावला तर उचलतात.

मी आता एक 300 रुपयांचं मीटर घेतलंय आणि दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून बॅटरी बघते, 12.5 किंवा 12.6 असते. पार्किंग करताना चाक दगडाला, फुटपाथला टेकवत नाही, टेकलंच तर थोडं मागं घेऊन मगच बंद करते. पिनवर दाब असेल तर ब्रेक आणि बटन दाबून ठेवून स्टेअरिंग दोन्हीकडं हलवायचं, तो पार्किंगचा पोरगा बरोबर होता, पण कॉलमवर हातोडी पाना मारू नका, आतलं प्लास्टिक गिअर फुटलं की मग खरंच ते 41 हजार लागतील. आईला हे सगळं सांगितलं, दगडाचं, ओल्या कारपेटचं, स्टिरिओचं, आणि ती लगेच म्हणाली मग पुढच्या गुरुवारी जायचं का. गेलो. त्या नारळवाल्या मावशींकडून पाच नारळ घेतले.

सोमवारी बंद असतं. नवीन काम असेल तर शनिवारी संध्याकाळी गाडी सोडा, आरसी आणि असतील तेवढ्या सगळ्या चाव्या घेऊन जा, आणि आधी बॅटरी चार्ज करू नका.